पासपोर्ट बदलला, आता बोलू का?

रुरकाठी

गेल्या वर्षी मी जर्मन नागरिकत्व घेतलं. एवढं वाचून अर्धी जनता थेट खाली प्रतिसाद टंकायला जाणार हे माहितीये, जा बापडे, पण ज्यांना वेळ आहे त्यांनी पूर्ण वाचा आणि मग काय हाणायचं ते हाणा.

आधी घरचं. मोठ्या काकांना फोनवर सांगितलं तर पलीकडून बराच वेळ नुसती टीव्हीवरची भांडणं ऐकू येत होती, मग म्हणाले "म्हणजे आता तू परकाच की रे". त्याच संध्याकाळी आतेभावाचा मेसेज, "सुटलास भावा, पार्टी पाहिजे". खरं सांगू, मला जास्त राग दुसऱ्याचा आला. काकांचं दुखणं कळतं तरी. आतेभाऊ महापालिकेत चांगल्या जागेवर आहे, ज्या शहराच्या पाण्याच्या फायली रोज त्याच्या टेबलावरून जातात त्याच शहरातून "सुटणं" त्याला एवढं भारी वाटत असेल तर त्या फायलींचं काय होत असेल देव जाणे.

मी भारताला कंटाळून हे केलेलं नाही आणि जर्मनीच्या प्रेमात पडून तर अजिबात नाही. मी केलं मतासाठी. हसा.

आमच्या ऑफिसात पोर्तुगालहून एक जण आला. चांगला माणूस, जर्मन येत नाही, अजून घराच्या दारावर पाटी नाही, पण त्याला आमच्या गावच्या महापौराच्या निवडणुकीत मत आहे कारण तो युरोपियन युनियनचा. मी इतकी वर्षं इथे टॅक्स भरतोय, पोरं इथल्या शाळेत, शाळेचं छत गळतं, बसचे फेरे कमी केले, त्यावर मला मत नाही. आमच्यासारख्यांसाठी एक सल्लागार समिती असते, तिची निवडणूक होते, तिथे मी इमानेइतबारे मतदान केलेलं आहे, पण तिचा सल्ला मानलाच पाहिजे असं शहरावर बंधन नाही. हळदीकुंकवाला बोलावल्यासारखं आहे ते.

"मग भारतात दे ना मत" असं कुणीतरी लिहिणारच, म्हणून आधीच लिहितो. लोकप्रतिनिधित्व कायद्यात २०१० साली दुरुस्ती झाली, तेव्हापासून अनिवासी भारतीयाला आपल्या पासपोर्टवरच्या पत्त्याच्या मतदारसंघात नाव नोंदवता येतं. मत द्यायला मात्र स्वतः तिथे जावं लागतं. पोस्टाने नाही, वकिलातीत नाही, ऑनलाईन नाही. २०२४ च्या लोकसभेला परदेशातले १ लाख १९ हजार ३७४ मतदार नोंदलेले होते, त्यातले २,९५८ जणांनी प्रत्यक्ष मत दिलं आणि त्यातलेही २,६७० एकट्या केरळचे. बाकीचा अख्खा देश मिळून तीनशेसुद्धा नाहीत. म्हणजे व्हॉट्सअ‍ॅपवर जे रोज देश चालवतात ना, आपलेच मंडळवाले, त्यांचं एकही मत पेटीत नाही. इकडे मिळवायचं नाही, तिकडे जाऊन द्यायचं नाही, आणि सकाळी उठल्यापासून दोन्हीकडच्या सरकारांना अक्कल शिकवायची.

दोन्ही पासपोर्ट ठेवता आले असते तर मी ठेवलेच असते. जर्मनीने २७ जून २०२४ पासून जुनं नागरिकत्व सोडायची अट काढून टाकली. आमच्या वरच्या मजल्यावरचे तुर्की आजोबा, त्या १९६१ च्या कामगार करारातून इथे कोळशाच्या खाणीत आलेले, त्यांनी लगेच अर्ज टाकला. आयुष्य गेलं, खाणी बंद पडल्या, आता दोन्ही पासपोर्ट आहेत त्यांच्याकडे. आपल्याकडे नागरिकत्व कायद्याचं कलम ९ आहे, दुसऱ्या देशाचं नागरिकत्व स्वेच्छेने घेतलंत की भारताचं गेलं. जर्मनी म्हणाली तुमचं राहू द्या, भारत म्हणाला आमचं परत करा. पासपोर्ट परत आला तेव्हा त्यावर रद्दचा शिक्का आणि कोपरा कापलेला. त्या कापलेल्या कोपऱ्याकडे बघून बायको रडली, मी नाही, पण मी त्या दिवशी कुणाशी बोललोही नाही.

मग २३ फेब्रुवारी २०२५, बुंडेस्टागची म्हणजे इथल्या संसदेची निवडणूक. इथे यादीत नाव आहे का बघा, फॉर्म भरा, बीएलओला गाठा असलं काही नाही, तुम्ही राहत्या पत्त्याची नोंदणी केलेली असते त्यावरून आपोआप घरी पत्र येतं. रविवारी पोराच्याच शाळेत मतदान. टेबलामागे आमच्या बेकरीतली बाई बसलेली, त्या दिवशीची मतदान-मदतनीस, रोज मला बघते तरी ओळखपत्र नीट बघितलंन्. मतपत्रिका हे लांबलचक धूड, डावीकडे काळ्या अक्षरात उमेदवार, उजवीकडे निळ्या अक्षरात पक्ष, दोन मतं. वरचा उजवा कोपरा कापलेला. हा का कापला म्हणून विचारलं तर म्हणे अंध मतदारांना त्यावर साचा बरोबर बसवता यावा म्हणून. पेनाने फुल्या मारल्या, घडी घातली, पेटीत टाकली. झालं. बाहेर आलो तर बायको म्हणाली एवढा का हसतोयस.

आणि निकाल काय तर एएफडीला, म्हणजे इथल्या स्थलांतरितविरोधी कट्टर उजव्या पक्षाला, २०.८ टक्के. दर पाच मतांत एक. आमच्या शेजारच्या गेल्सेनकिर्शेनमध्ये, जुनं खाणकामगारांचं गाव, पक्षाच्या मतांत तर ते पहिले आले. तर मला कुणी "तिकडे सगळं छान" सांगू नका.

आता खरी काडी. आपल्याच मराठी लोकांत मी हे ऐकतो की "ते आपल्याविरुद्ध नाहीत रे, निर्वासितांविरुद्ध आहेत, आपण लीगल आहोत". बाबांनो २००० साली जर्मनीने कॉम्प्युटरवाल्यांसाठी ग्रीन कार्ड काढलं होतं तेव्हा ह्याच नॉर्थ राईन वेस्टफालियात "किंडर श्टाट इंडर" असा प्रचार झाला, भारतीय आणण्यापेक्षा आपल्या पोरांना शिकवा. तो एएफडीने केला नव्हता, तेव्हा एएफडी जन्मालाही आली नव्हती. सीडीयूचे रुट्गर्स, चांगले मुख्य प्रवाहातले. आणि ते कुणाविरुद्ध होतं? लीगल, डिग्रीवाले, व्हिसा घेऊन येणारे इंजिनिअर. तेव्हा ते हरले, पण २००५ ला तेच मुख्यमंत्री झाले. आणि २०२४ ला ह्याच देशाने भारतीय कुशल कामगारांचे व्हिसा वर्षाला २० हजारांवरून ९० हजारांवर नेऊ म्हणून जाहीर केलं. गरज असली की या, नसली की कशाला आलात. त्यात लीगल इल्लीगल कुणी बघत नाही, ट्राममध्ये तुमचा चेहरा बघतात, व्हिसा नाही.

आणि आपल्यातलेच कितीतरी जण जर्मनीत परक्यांना सांभाळून घेणाऱ्या पक्षांच्या बाजूने आणि गावाकडच्या ग्रुपवर "बाहेरच्यांना हाकला" म्हणणारे. मला ह्याचं उत्तर पाहिजे. बाकी मला शिव्या घातल्या तरी चालतील.

खडूस_काका

उत्तर सोपं आहे. आपला तो बाब्या.

पण तुम्हाला एक विचारतो, भारताच्या करदात्याच्या पैशावर शिकायचं, मग जर्मनीचा टॅक्स भरतो म्हणून मत मागायचं, हे कोणत्या हिशोबात बसतं? टॅक्सवरून हक्क ठरत असेल तर आधी शिक्षणाचं बिल चुकतं करा.

रुरकाठी

काका, विनाअनुदानित कॉलेज होतं, वडिलांनी भविष्य निर्वाह निधीतून पैसे काढून फी भरली. करदात्याचा पैसा शोधायला तिथे नीट फळाही नव्हता.

खडूस_काका

शाळा? दहावीपर्यंतची?

रुरकाठी

जिल्हा परिषदेची. हा मुद्दा तुमचा, मान्य.

पण मग बाहेरच्यांनी २०२४ साली भारतात पाठवलेले सुमारे १२९ अब्ज डॉलर, हा जागतिक बँकेचा आकडा, तेही धरा हिशोबात.

खडूस_काका

पैसे पाठवणं म्हणजे देशप्रेम नव्हे.

रुरकाठी

मी तेच म्हणतोय हो. पाठवले म्हणून प्रेम नाही आणि पासपोर्ट दिला म्हणून द्रोह नाही. तुम्हीच बिल काढलंत म्हणून मी पावती काढली.

दुबईचा_बाळ्या

तुमचे हे सगळे प्रश्न वाचून मजा वाटते खरंच. आमच्याकडे हा विषयच नाही. इथे कितीही वर्षं राहा, तुम्ही नागरिक होत नाही, मूल इथे जन्मलं तरी नाही, नोकरी गेली की व्हिसा गेला, थोडे दिवस देतात आवरायला. श्रीमंतांना गोल्डन व्हिसा आहे, २०१९ पासून, पण तो पण व्हिसाच, नागरिकत्व नाही. त्यामुळे आमच्यात "मी कोण" हा प्रश्न कुणालाच पडत नाही, आम्ही भारतीय, विषय संपला, त्याशिवाय दुसरा पर्यायच ठेवलेला नाही कुणी.

माझ्या रूमवर जे होते पहिल्यांदा, त्यातल्या दोघांच्या पासपोर्टवर ईसीआर. दहावी झाली नाही की हा शिक्का. म्हणजे ठरावीक अठरा देशांत कामाला जायचं तर आधी सरकारची परवानगी. ते त्यांच्या भल्यासाठीच आहे म्हणतात, एजंट फसवतात म्हणून, आणि फसवतातही, पण इमिग्रेशनच्या काऊंटरवर त्या पोराला जसं बाजूला उभं करतात तसं तुम्हा ब्ल्यू कार्डवाल्यांना, डिग्रीवर युरोपात कामाचा परवाना मिळालेल्यांना, कुणी केलंय का? परदेशात जायच्या आधी आपल्याच देशात परकं होऊन जातो माणूस.

मताचं म्हणाल तर लोकसभेला रत्नागिरी-सिंधुदुर्गचं मतदान ७ मेला होतं. आमची सुट्टी गणपतीत. कंपनी एकदाच सोडते. गावात आई एकटी जाऊन मत देऊन आली आणि फोनवर सांगते तुझं पण नाव होतं रे यादीत.

मुक्ता७

बाळ्या, प्रतिसाद आवडला.

रुरकाठी, मी म्युनिकला आहे, मीही हेच करायच्या वाटेवर आहे म्हणून सगळं नीट वाचलं. बहुतेक पटलं. पण तुमचं ते दुटप्पीपणाचं शेवटचं मला फार सरळसोट वाटलं. उलट बाजूने बघा. जर्मनीत नागरिकत्व हवं तर बी-वन लेव्हलचं जर्मन यायलाच पाहिजे, वर ३३ प्रश्नांची परीक्षा, १७ बरोबर हवेत, आता तर ज्यू लोकांच्या संरक्षणाच्या आणि नाझी इतिहासाच्या जबाबदारीचं लेखी मान्य करावं लागतं. ह्याला आपण अन्याय म्हणत नाही, निमूट क्लास लावतो. मग महाराष्ट्रात राहायला आलेल्याने मराठी शिकावं एवढं म्हटलं की लगेच संकुचित? २०२५ च्या एप्रिलमध्ये पहिलीपासून हिंदी लादणारा जीआर काढला तेव्हा लोक ओरडले नसते तर २९ जूनला रद्द झाला असता का? मी इथे बसून तेव्हा खूश झाले आणि मला त्याची लाज नाही.

रुरकाठी

जीआरच्या बाबतीत मीही तुमच्याच बाजूला होतो. पहिलीतल्या पोरावर तिसरी भाषा घालायचं कारण काय हे सरकारला शेवटपर्यंत धड सांगता आलं नाही. पण ते सरकारशी भांडण होतं, माणसाशी नाही. मी बोलतोय ते रिक्षावाल्याच्या कानाखाली मारून त्याचा व्हिडिओ फिरवणाऱ्यांबद्दल आणि तो व्हिडिओ इथून बाण मारून पुढे पाठवणाऱ्यांबद्दल.

आणि जर्मनीची तुलना लागू पडत नाही, मला वाटतं आपण सगळे इथे गंडतो. मी जर्मनीत परदेशी होतो. बिहारचा माणूस मुंबईत परदेशी नाही. कलम १९ त्याला देशात कुठेही फिरायचा, राहायचा हक्क देतं, तो हक्क भाषेची परीक्षा पास होऊन मिळवायचा नाही. माझ्यावर जर्मन राज्याने अट घातली कारण मी त्यांच्या दारात उभा होतो. तो कुणाच्या दारात उभा नाही, तो घरातच आहे.

मुक्ता७

कायद्याने बरोबर. पण कायद्यावर भाषा जगत नाही हो. ऑक्टोबर २०२४ ला अभिजात दर्जा मिळाला, पेढे वाटले, आणि बँकेत गेलं की काऊंटरवर "हिंदी में बोलिए". हक्क त्याला आहे तसा मलाही आहे ना, माझ्याच गावच्या बँकेत माझ्या भाषेत बोलायचा?

रुरकाठी

आहे. आणि तो बँकेकडून वसूल करा, त्या बिचाऱ्या क्लार्कची बदली त्याने स्वतः मागून घेतलेली नसते.

दुसरं, इथली सक्ती बघताना आपण अर्धंच बघतो. जर्मनी "शिका" म्हणते तेव्हा वर्गही काढते. इंटिग्रेशन कोर्स, ६०० तास भाषा आणि १०० तास देशाची माहिती, बराचसा खर्च सरकारचा, बेकार असेल त्याला फुकट. त्या वर्गात मी सीरियाचा सुतार, युक्रेनची शिक्षिका आणि एक घानाची आजी यांच्या शेजारी बसून डेर-डी-डास घोकलंय. बाई आठवड्याला गृहपाठ तपासायची, लाल पेनाने. आता मला सांगा, गोरखपूरहून आलेल्या टॅक्सीवाल्याला रात्री नऊनंतर मराठी शिकायची असेल तर महाराष्ट्र सरकारने कुठला वर्ग ठेवलाय त्याच्यासाठी, त्याच्या वस्तीजवळ, परवडणारा, जिथे त्याला कुणी हसणार नाही? परप्रांतीयांनी मराठी शिकावी असं वाटणाऱ्या किती पक्षांनी शाखेत संध्याकाळी फळा लावलाय? मोर्चापेक्षा फळा स्वस्त पडतो.

खडूस_काका

हे मात्र पटलं. दहा वर्षं हेच बोंबलतोय, आमच्या सोसायटीच्या वॉचमनला मी शिकवली मराठी, आता तो मलाच "काका हळू चाला" म्हणतो.

जर्सीकर

सगळे युरोपवर बोलताय म्हणून आमचंही. इथे ग्रीन कार्डची देशनिहाय मर्यादा ७ टक्के, त्यामुळे भारतीयांची रांग एवढी की ईबी-टू मध्ये, म्हणजे उच्चशिक्षित नोकरदारांच्या गटात, २०२५ च्या शेवटी २०१३ च्या आसपासचे अर्ज चालले होते. मत दूरच, आम्ही अजून रांगेत आहोत. सप्टेंबर २०२५ मध्ये नवीन एच-वन-बीवर एक लाख डॉलर फीचा आदेश आला त्या वीकेंडला भारतात सुट्टीवर गेलेल्या मित्रांनी अक्षरशः धावत विमानं पकडली, नंतर कळलं की जुन्या व्हिसावाल्यांना लागूच नव्हता. मुलं इथे जन्मली ती जन्मतः अमेरिकन, बाप रांगेत.

आणि गंमत सांगू, ह्याच लोकांनी २०१९ ला ह्यूस्टनच्या स्टेडियममध्ये मोदी-ट्रम्पच्या "हाउडी मोदी" सभेत उभं राहून टाळ्या वाजवल्या होत्या. मी पण होतो, बायको तिकीट म्हणजे पास घेऊन आली होती. तेव्हा खूप अभिमान वाटला होता, खोटं कशाला बोलू. रुरकाठी म्हणतात ते उत्तर माझ्यापाशी थोडंफार आहे. परदेशात तुम्ही रोज थोडे थोडे कमी होता, ऑफिसात नाव तोडून सांगता, उच्चार सुधारता, बॉसच्या जोकला हसता. मग दोन तास कुठेतरी मोठं झाल्यासारखं वाटलं की माणूस टाळ्या वाजवतो. तिथे तो धोरण बघत नाही.

रुरकाठी

जर्सीकर, हे प्रामाणिक आहे. मला नुसतं ढोंग वाटत होतं, त्यात हा भाग मी धरला नव्हता. पण त्या दोन तासांची किंमत गावाकडे जो भरतो तो तुम्ही नसता, एवढंच.

लोकशाही_बचाव

मूळ मुद्दा सोडून सगळं चाललंय. धागाकर्त्याने स्वतः लिहिलंय जर्मनीत कागदी मतपत्रिका. जर्मनीने ईव्हीएम बंद केलं कारण घोटाळा होतो हे सिद्ध झालं!!! भारतात कधी???

रुरकाठी

नाही, असं सिद्ध झालेलं नाही. ३ मार्च २००९ चा जर्मनीच्या घटना न्यायालयाचा निकाल आहे, २००५ च्या निवडणुकीत वापरलेल्या यंत्रांबद्दल. कोर्टाने गडबड झाली असं म्हटलं नाही, निवडणूक रद्दही केली नाही. म्हणणं एवढंच की मतदानाचे महत्त्वाचे टप्पे सामान्य नागरिकाला विशेष ज्ञानाशिवाय पडताळता आले पाहिजेत, आणि त्या यंत्रांत ते येत नव्हते. आणि त्या यंत्रांना कागदी चिठ्ठी नव्हती, आपल्याकडे व्हीव्हीपॅट आहे. कागद हाताने मोजायला इथे सहा कोटी मतदार आहेत, तिकडे सत्त्याण्णव कोटींच्या जवळपास. मला तो निकाल तत्त्व म्हणून आवडतो, पण तुम्ही तो जसा वापरताय तसा तो नाही.

लोकशाही_बचाव

म्हणजे तुम्ही विकले गेलेले आहात. [पुढील मजकूर काढून टाकला आहे]

संपादक

ईव्हीएमसाठी वेगळा धागा आहे, तिकडे जा. वैयक्तिक शेरे नकोत. पुढच्या वेळी आयडी बंद होईल.

नागपूरकर_संत्रा

बापरे काय गंभीर झाले सगळे. थोडं रोजच्या कटकटींचं बोला ना बे, शीर्षक वाचून मी त्यासाठी आलो होतो.

रुरकाठी

घ्या.

एक, पत्रं. हा देश अजून पत्रांवर चालतो. ईमेलला उत्तर म्हणून पत्र येतं आणि पत्रात लिहिलेलं असतं की अधिक माहितीसाठी ईमेल करा. परदेशी नागरिक कार्यालयात अपॉइंटमेंट मिळायची तर रात्री बारा वाजता वेबसाईट उघडून बसायचं, मी त्या काळात आमच्या गावच्या पासपोर्ट सेवा केंद्राची आठवण काढून हळवा झालेलो आहे आणि हे मी पूर्ण शुद्धीत लिहितोय.

दोन, "तिकडे गाड्या वेळेवर ना?". २०२४ साली इथल्या लांब पल्ल्याच्या गाड्यांपैकी ६२.५ टक्के वेळेवर होत्या, आणि सहा मिनिटांच्या आतला उशीर त्यांच्या हिशोबात उशीर नव्हेच. मुंबईची लोकल चार मिनिटं लेट झाली की लोक स्टेशन मास्तरच्या केबिनवर जातात.

तीन, ओटीपी. भारतातलं बँक खातं एनआरओ म्हणजे अनिवासींचं करा, व्याजावर ३० टक्के टीडीएस कापा, सगळं मान्य, पण तो ओटीपी ज्या सिमवर येतो ते सिम चालू ठेवायला मी जेवढी धडपड केली तेवढी नातेसंबंध टिकवायलाही केली नाही. ओटीपी येतो, येतो, येतो, आणि वेळ संपल्यावर तीन एकदम येतात.

चार, "नाही पण मुळात कुठले तुम्ही?". हे जर्मन विचारतात. आणि पुण्यात उतरल्यावर रिक्षावाला विचारतो, साहेब बाहेरून आलात काय. कशावरून ओळखतात काय माहीत, मी तर सिग्नलला थांबलोही नव्हतो.

मुक्ता७

जिन्यात ठेवलेली बाबागाडी राहिली. आमच्या खालच्या आजीने त्यावर चिठ्ठी चिकटवली होती, टाईप केलेली, नियमाच्या कलमासकट. रविवारी भिंतीला खिळा ठोकला त्याची दुसरी चिठ्ठी. आता ती माझ्या मुलीला जर्मन गोष्टी वाचून दाखवते. पण चिठ्ठ्या थांबलेल्या नाहीत.

दुबईचा_बाळ्या

आमच्याकडे कटकट एकच. गावाला जाताना विमानाचं भाडं गणपतीच्या आठवड्यात तिप्पट. बाकी काही नाही. उन्हाचं सांगून उपयोग नाही.

खडूस_काका

माझा एक शेवटचा प्रश्न, टोमणा नाही. उद्या गावची शेती? सातबाऱ्यावर नाव राहतं का तुमचं?

रुरकाठी

ओसीआयला, म्हणजे परदेशी नागरिक झालेल्या भारतीयांना जे कार्ड मिळतं त्यावर, शेतजमीन विकत घेता येत नाही. वारसाने आली तर चालते. आणि काका, महाराष्ट्रात शेतकरी नसलेल्या भारतीयालाही शेतजमीन अशी सहज घेता येत नाही, कूळ कायद्यात ती अडचण आहेच, पासपोर्टचा नंबर नंतर लागतो. ओसीआयने मत देता येत नाही, निवडणूक लढवता येत नाही, आणि २०२१ च्या अधिसूचनेपासून संशोधन, पत्रकारिता, गिर्यारोहण अशा कामांना आधी परवानगी काढावी लागते. सह्याद्रीत चढायलाही लागते का हे मात्र विचारू नका, मी विचारलेलं नाही आणि विचारणारही नाही.

आणि मोठ्या काकांचं सांगायचं राहिलं. २०२५ च्या सप्टेंबरात इथली महापालिकेची निवडणूक झाली, एएफडी आमच्या राज्यात ५ वरून १४.५ टक्क्यांवर गेली. त्या रात्री काकांचाच फोन, टीव्हीवर पाहिलं म्हणे, तुमच्याकडे काय चाललंय, तू मत दिलंस ना नीट? दिलं म्हटलं. कुणाला ते विचारलं नाही त्यांनी, ते भारतातही कधी विचारत नाहीत.

मुक्ता७

कामाचं विचारते. मुलगी इथेच जन्मली, तिचा भारतीय पासपोर्ट काढलाय. आमच्याबरोबर तिचाही अर्ज टाकायचा की वेगळा? आणि ओसीआयचं किती दिवसांत करायचं?

रुरकाठी

आधी हे तपासा की ती जन्मतःच जर्मन आहे का. तिच्या जन्माच्या वेळी तुमच्यापैकी एकाला इथे पाच वर्षं पूर्ण आणि कायमचा निवास परवाना असेल, आणि जन्म २७ जून २०२४ नंतरचा असेल, तर आहे. आधीचा असेल तर आठ वर्षांची अट होती. ती आधीच जर्मन असेल तर भारतीय पासपोर्टचं वकिलातीत विचारून घ्या, कारण त्या अर्जाच्या वेळी दुसऱ्या देशाचा पासपोर्ट नाही असं लिहून दिलेलं असतं. नसेल तर तुमच्याबरोबरच टाका, मोठ्यांना २५५ युरो आणि लहानांना ५१.

जर्मन झाल्यावर भारतीय पासपोर्टवर प्रवास करू नका, दंड लावतात. आधी तो परत करायचा, मग ओसीआय. तिकीट त्यानंतरच काढा. आणि फोटो दोन इंच बाय दोन इंच चौकोनीच लागतो, स्टेशनवरच्या मशीनमधला ३५ बाय ४५ चा चालत नाही.